पंखेवाल्याचं भूत का दिसत नाही?

दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून भाचा आला. वय सतरा. नागपुरात पाहुणा आला की सकाळी तर्री-पोहे, दुपारी संत्रा बर्फी, संध्याकाळी फुटाळा तलाव असा ठरलेला पाढा असतो. यानं पोहे खाता खाताच मोबाइल पुढे केला. "मामा, मला हे दाखव." नागपुरातल्या झपाटलेल्या जागांची यादी होती. तीत दोन विहिरी, एक पूल आणि सिव्हिल लाइन्समधला एक बंगला. विहिरींना मी सरळ नाही म्हटलं. बंगल्याला गेलो.

बंगल्याचं नाव सांगत नाही. तिथे माणसं नोकरीला आहेत आणि त्यांच्याविरुद्ध माझी काही तक्रार नाही. इंग्रज अमदानीतली वास्तू, उंच छप्पर, तिन्ही बाजूंनी व्हरांडा, मागे आउटहाउसची रांग. स्वातंत्र्यानंतर तिथे एक कार्यालय होतं. मग कार्यालय हललं आणि फायलींचे गठ्ठे राहिले, मग गठ्ठेही गेले. आता पुढच्या दोन खोल्यांत जुन्या वस्तू मांडून त्याला संग्रहालय म्हणतात. एक टाइपरायटर, चिनी मातीचं भांडं, टोप्या अडकवायची खुंटाळी, वाघाच्या अंगावर पाय ठेवून उभ्या असलेल्या साहेबाचा फोटो. साहेब कोण ते लिहिलेलं नाही. वाघ कुठल्या जंगलातला, तेही नाही.

शनिवार-रविवारी अंधार पडला की एक उत्साही तरुण दहा-बारा जणांना आत फिरवतो. हातात टॉर्च, आवाज मुद्दाम खाली. त्याची गोष्ट अशी: साहेब शिकारीला गेला तो परत आलाच नाही. मडम वाट पाहत राहिली, झुरली, आणि एका अमावस्येला तिनं जीव दिला. आता पांढऱ्या झग्यात ती व्हरांड्यात फिरते, आणि रात्री पियानो ऐकू येतो. पियानो कुठे आहे, असं घोळक्यातल्या एका बाईंनी विचारलं. तो म्हणे लंडनला नेला. म्हणजे वाजवणारी इथे आणि पियानो तिथे. मी विचारलं, मडमेचं नाव काय? "नाव नाही माहीत सर. पण लय लोकांनी पाह्यलं आहे."

मग त्यानं टॉर्च भिंतीवर टाकला. दिवाणखान्याच्या मागच्या भिंतीत, जमिनीपासून सात-आठ फुटांवर, तळहात जाईल एवढं भोक. भोकाला सागवानाची छोटी चौकट. "इथून मडम नवऱ्याची वाट पाहायची." सगळे वर बघायला लागले, दोघा-तिघांनी फोटो काढले. मडम आठ फूट उंच होती की स्टुलावर उभी राहायची, हे कोणी विचारलं नाही.

दाराशी चौकीदार बिडी विझवून उभा होता. तो माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "थे पंख्याच्या दोरीचं भोक हाय जी. पंखा आतमंदी, ओढनारा बाहीर."

घोळका पुढच्या खोलीत गेला, तेव्हा आम्ही मागे राहिलो. चौकीदारानं त्याचा स्टूल दिला. चौकटीच्या खालच्या कडेला एक खाच आहे. कधीकाळी तिथे कप्पी असावी. पितळेची असेल तर ती गेली यात नवल नाही. कप्पी गेल्यावरही दोरी चालूच राहिली असणार, कारण सागवानासारख्या कडक लाकडात बोटाचं पेर बुडेल एवढी ती खाच पडली आहे. कडा इतक्या गुळगुळीत की आमच्या जुन्या वाड्यातल्या विहिरीचा काठ आठवला. लाकूड असं झिजायला किती उन्हाळे लागले असतील, याचा हिशोब मला येत नाही. तो कोणी मांडलेलाही नाही.

जुन्या वास्तूंना भुतांच्या नावावर गर्दी आणावी का, हा प्रश्न हल्ली वारंवार निघतो. एक बाजू म्हणते, काय हरकत आहे, निदान लोक तरी येतात. दुसरी म्हणते, ही अंधश्रद्धा, बंद करा. माझं दोघांशीही जमत नाही. माझी तक्रार भूत दाखवण्याबद्दल नाही. भुतं निवडताना आपण जी वशिलेबाजी करतो तिच्याबद्दल आहे. इंग्रजी बंगल्यात भूत होण्याचा मान साहेबाला आणि मडमेलाच का? त्याच बंगल्यात आयुष्य काढलेले खानसामे, भिस्ती, आया, साईस, माळी, पंखेवाले हे मेल्यावरही आउटहाउसमध्येच कसे राहिले?

देशभर हेच आहे. राजस्थानातल्या कोट्याचा ब्रिजराज भवन बंगला घ्या. १८५७च्या ऑक्टोबरमध्ये तिथे इंग्रजांचा अधिकारी मेजर बर्टन आणि त्याचे दोन मुलगे मारले गेले. हा इतिहास आहे. पुढे या वास्तूचं हॉटेल झालं आणि गोष्ट रुजली की बर्टनचं भूत तिथे फिरतं, कोणाला त्रास देत नाही, फक्त रात्रपाळीचा पहारेकरी डुलकी घेताना किंवा बिडी ओढताना सापडला की त्याच्या थोबाडीत मारतं. ही गोष्ट लोक कौतुकानं सांगतात. मला ती ऐकली की अंगावर काटा येतो, पण भुताच्या भीतीनं नाही. साहेब मेला, साम्राज्य गेलं, हॉटेलचे मालक भारतीय, पाहुणे भारतीय, आणि चौकीदाराला झोप लागली तर मारणारा हात अजून गोऱ्याचाच. त्या ठिकाणी हजेरी घेणारा दुसरा कोणी आपल्याला सुचलाच नाही.

कोलकात्याला अलिपूरमध्ये हेस्टिंग्ज हाउस आहे. तिथे वॉरन हेस्टिंग्ज घोडागाडीतून येतो आणि हरवलेले कागद शोधतो, अशी कथा. यात गंमत म्हणजे थोडं तथ्य आहे: १७८५ साली तो मायदेशी परतला तेव्हा त्याची एक काळ्या लाकडाची कपाटवजा पेटी खरंच हरवली होती आणि ती सापडावी म्हणून १७८७ मध्ये कोलकात्याच्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली गेली. ज्याच्या कारकिर्दीवर इंग्लंडच्या संसदेत वर्षानुवर्षं महाभियोग चालला, त्याचं भूत लोकांनी कल्पिलं ते सामान शोधणारं. ज्यांचं सामान, जमिनी, राज्यं गेली, त्यांची भुतं त्या बंगल्यात काही शोधताना कोणाला दिसली नाहीत.

आपली देशी भुतं अशी नव्हती. आजीच्या गोष्टींत मुंज्या होता, हडळ होती, समंध होता, खवीस, वेताळ, चकवा. मुंज होऊन सोडमुंज व्हायच्या आत गेलेला पोरगा मुंज्या व्हायचा. बाळंतपणात गेलेली बाई हडळ व्हायची, आणि त्या काळी बाळंतपणात बायका किती जायच्या ते लक्षात घेतलं की प्रत्येक गावाला हडळ का लागायची हे समजतं. धनाला चिकटून राहिलेला समंध. या भुतांतही जात होती, धर्म होता, बाईमाणसावरचा राग होता. ती काही समतावादी मंडळी नव्हेत. पण गावानं कोणावर काय अन्याय केला याची एक वेडीवाकडी वही त्यांत होती. बंगल्यातल्या मडमेच्या गोष्टीत ती वहीसुद्धा नाही. गोष्ट बाहेरून आयती आली, झगा आणि पियानोसकट.

पंखेवाल्याकडे परत येतो, कारण त्याच्याबद्दल फार थोडं बोललं जातं. नागपूरचा मे महिना ज्यानं काढला त्याला सांगायला नको. पारा पंचेचाळीसवर, दुपारी रस्ते ओस, लू अंगाला चावते. वीज नव्हती तेव्हा बंगल्यात छताला आडवा बांबू, त्याला कापडी झालर, झालरीची दोरी भिंतीतल्या भोकातून बाहेर, आणि बाहेर जमिनीवर बसलेला माणूस. दारा-खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या, त्यांच्यावर पाणी मारायला आणखी एक माणूस. आज आपण कूलरला लावतो त्याला नागपुरात अजून ताट्याच म्हणतात. शब्द राहिला, पाणी मारणारा पुसला गेला. पंखेवाल्याला सलग दोरी ओढावी लागे. पुष्कळदा तो पडल्या पडल्या पायाच्या अंगठ्याला दोरी बांधून पाय हलवत राही. आतल्याला गार वारा लागला की झोप यायची. बाहेरच्याला त्याच उकाड्यात झोप आली तर गुन्हा.

त्या गुन्ह्याची शिक्षा अनेकदा बुटानं दिली जाई, आणि माणूस मेला तरी कोर्टात त्याचं उत्तर तयार असे. मलेरियाच्या मुलखात अनेकांची पाणथरी, म्हणजे प्लीहा, सुजलेली असते, त्यामुळे किरकोळ धक्क्यानंही ती फुटते, साहेबाचा हेतू मारण्याचा नव्हता! या बचावाचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण आग्र्याचं. १८७५ साली फुलर नावाचा इंग्रज वकील रविवारी चर्चला निघाला, साईसाला, म्हणजे घोडा सांभाळणाऱ्या नोकराला, गाडी दाराशी आणायला उशीर झाला, फुलरनं त्याला मारलं, आणि थोड्या वेळात तो साईस मेला. पाणथरी फुटून. त्याचं नाव कटवारू. मॅजिस्ट्रेटनं दंड ठोठावला तीस रुपये. पुढच्या वर्षी व्हाइसरॉय लिटननं या निकालावर कडक शब्दांत ताशेरे मारले, तर हिंदुस्थानातली गोरी मंडळी आणि त्यांची वर्तमानपत्रं व्हाइसरॉयवरच तुटून पडली. लिटन म्हणजे काही कळवळ्याचा माणूस नव्हे. त्याच्याच काळात दक्षिणेत दुष्काळात लाखो माणसं मेली. त्यालाही तीस रुपये कमी वाटले, यावरून काय ते समजावं.

कटवारूचं भूत आग्र्यात फिरतं असं मी तरी कुठे ऐकलं नाही.

यावर कोणी म्हणेल, मग नोकरांची भुतं घाला गोष्टीत, झालं! तेवढ्यानं भागत नाही, आणि ते का भागत नाही हे अमेरिकेत लुइझियानातल्या मर्टल्स नावाच्या मळ्यावर दिसतं. जुनं मालकाचं घर, आता मुक्कामाला आणि रात्रीच्या फेरीला तिकीट लावून खुलं. तिथलं नावाजलेलं भूत आहे क्लोई, एक गुलाम मुलगी. मालकानं तिचा कान कापला आणि तिनं विषारी केक खाऊ घालून मालकिणीला आणि मुलींना मारलं, अशी गोष्ट. कागदपत्रं तपासली तर क्लोई नावाच्या मुलीचा पत्ता लागत नाही, आणि त्या घरातली मालकीण व मुलं पिवळ्या तापानं गेल्याचं दिसतं. म्हणजे जी होती की नाही याचा पुरावा नाही अशा एका बाईवर तीन खून लादून तिच्या नावाची तिकिटं विकायची, आणि त्या मळ्यावर खरोखर राबलेल्या माणसांना विसरायचं. असं भूत आम्हाला नको. त्यापेक्षा पियानोवाली मडम परवडली, तिनं निदान कोणाला विष तरी घातलं नाही.

आता नागपूरचंच पाहू. या शहरात झपाटलेली म्हणावी अशी जागा हवीच असेल तर ती सिव्हिल लाइन्समध्ये नाही, सीताबर्डीवर आहे. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७. आप्पासाहेब भोसल्यांची फौज आणि इंग्रज रेसिडेंट जेन्किन्सची तुकडी त्या दोन टेकड्यांवर भिडल्या. पायथ्याशी रेसिडेन्सी होती. इंग्रजांच्या बाजूनं लढले आणि मेले ते बहुतेक मद्रासकडचे देशी शिपाई. मराठ्यांच्या बाजूनं पडले त्यांत अरब होते. दोन्हीकडे मरणारे बहुतेक इथलेच किंवा पोटासाठी दुरून आलेले. नंतर त्याच टेकडीवर किल्ला झाला, आणि १८५७ साली नवाब कादर अली आणि त्यांच्या साथीदारांना तिथे फाशी दिलं गेलं. इतकी मरणं एका टेकडीवर, आणि भूत एकही नाही. खाली मेट्रोचं स्टेशन आहे, मेन रोडला पाय ठेवायला जागा नाही, चपला-कुर्त्यांच्या ढिगांतून वाट काढावी लागते. शेजारच्या चौकाचं नाव मुंजे चौक असूनही मुंज्या तिथे फिरकत नाही. जिथे दुकानाचा गाळा मिळवायला पगडी द्यावी लागते तिथे भुताला परवडत नाही, असं माझं मत आहे.

याच जागेशी जोडलेली आणखी एक गोष्ट आहे आणि ती मला कुठल्याही भुतापेक्षा जास्त अस्वस्थ करते. १८५३च्या डिसेंबरात तिसरे रघूजी वारले, आणि औरस वारस नाही म्हणून १८५४ मध्ये डलहौसीनं नागपूरचं राज्य खालसा केलं. मग भोसल्यांच्या वाड्यातले हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीला आणून लिलावात मातीमोल भावानं विकले. जडजवाहीर कोलकात्याला गेलं आणि तिथे विकलं. राजवाड्याच्या हत्तीवर बोली लावली जात असताना समोर उभ्या असलेल्या माहुताला काय वाटलं असेल? भाच्याला मी हे सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदा मोबाइलमधून वर बघत म्हणाला, "हत्तीचा लिलाव? इथे?" इथेच, बर्डीला. लिलावाची रेघ अजून चालूच आहे: २०२५च्या एप्रिलमध्ये पहिल्या रघूजींची तलवार लंडनमध्ये सोदबीच्या लिलावात निघाली, राज्य सरकारनं ती सुमारे ४७ लाखांना विकत घेतली आणि ऑगस्टमध्ये ती महाराष्ट्रात आली. सीताबर्डीच्या लढाईत जेन्किन्सचा एक गोरा सहायक मारला गेला होता, त्याचं आडनावही सोदबीच होतं. हा निव्वळ नावांचा योगायोग, त्यातून काही काढायचं नाही. पण भुताच्या फेरीत सांगायला एवढं हाताशी असताना व्हरांड्यात फिरणारी अनामिक मडम लागते कशाला?

आवाजांबद्दल दोन शब्द बोलतो, कारण लोक विचारतातच. दिवसभर तापलेलं सागवान रात्री निवताना कडकडतं. माळ्यावर कांडेचोर असतो, म्हणजे उदमांजर. ते पळालं की माणूस चालल्यासारखं वाटतं. गव्हाणी घुबडाची पिल्लं फूत्कार टाकतात. इंग्लंडात हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यात एका दालनाला अधिकृतपणेच 'हॉन्टेड गॅलरी' म्हणतात. तिथे मानसशास्त्रज्ञांनी पाहणी केली तेव्हा लोकांना विचित्र अनुभव ठरावीक जागी जास्त आले, आणि त्या जागांचा संबंध उजेड, खोलीचा आकार, वाऱ्याची झुळूक अशा साध्या गोष्टींशी लागला. इथल्या बंगल्यांना आणखी एक कारण मला सुचतं. मध्य प्रांताचं सरकार उन्हाळ्यात पचमढीला जायचं. तेव्हा बंगल्यांमागे राहायचे ते नोकर आणि रिकाम्या खोल्यांत शिट्ट्या घालणारी लू. भुताची पहिली गोष्ट त्या आउटहाउसमध्येच कोणीतरी सांगितली असेल. कदाचित साहेबाचं सामान चोरीला जाऊ नये म्हणून. कदाचित साहेबाच्या पलंगावर दुपारी आपण झोपतो हे कोणाला कळू नये म्हणून. दुसरी शक्यता मला जास्त आवडते.

आता बंदी मागणाऱ्यांचं. अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समितीचा उगम या शहरातला, दीक्षाभूमी याच शहरात, त्यामुळे भूत म्हटलं की इथे दोन माणसं हमखास उभी राहून पुरावा मागतात. मला या गोष्टीचा अभिमान आहे. राज्यात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे आणि भुताची भीती घालून लोकांना छळणं, लुबाडणं हा त्याखाली गुन्हा आहे. पण टॉर्च घेऊन गोष्ट सांगणारा पोरगा आणि अंगात आलं म्हणून बाईला चाबकानं मारणारा भोंदू यांना एका पारड्यात टाकू नये. गोष्टीला कायदा लावला तर उद्या आजीलाही लावावा लागेल.

आणि येऊ द्या लोकांना म्हणणाऱ्यांचं? त्यांच्या म्हणण्यात अर्थ आहे हे मी मोकळेपणानं मान्य करतो. भाचा मडमेसाठी आला. 'मध्य प्रांतातील वसाहतकालीन निवासी वास्तुरचना' असा फलक असता तर त्यानं मला फुटाळ्यालाच नेलं असतं. पण भुताची ख्याती वास्तूला वाचवते हे खरं नाही. झपाटलेल्या जागेत रात्री पहारेकरी टिकत नाही, बायका-पोरं येत नाहीत, शेजारपाजार लक्ष ठेवत नाही. मग एका सकाळी दिसतं की मागचं सागवानी दार गेलं. लोक म्हणतात, भूतच असेल. भूत दार काढून कशाला नेईल? त्याला तर भिंतीतून जाता येतं. दोन वर्षांनी छप्पर बसतं, तीन वर्षांनी धोकादायक इमारतीची पाटी लागते, आणि त्या मोक्याच्या जागेवर ज्याचा डोळा असतो त्याला भुतानं बरंच काम फुकटात करून दिलेलं असतं.

मला वाटतं यावर उत्तर नागपूरकरांच्या जिभेवर दीडशे वर्षांहून जास्त काळ आहे. १८६३ साली इथे मध्यवर्ती संग्रहालय सुरू झालं. कागदावर त्याचं नाव काही असो, लोकांनी त्याला अजब बंगला म्हटलं आणि आजही रिक्षावाल्याला तेच सांगावं लागतं. शाळेच्या सहलीत रांगेनं आत जायचो, पेंढा भरलेल्या प्राण्यांसमोर एकमेकांना ढकलायचो. अजब बंगल्यात अजब वस्तू असतात, पण प्रत्येक वस्तूखाली चिठ्ठी असते: कुठे सापडली, कोणी दिली, कधीची. भूत बंगल्यात फक्त चिठ्ठी नसते. त्या संग्रहालयाच्या सुरुवातीच्या संग्रहात स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्यानं जमवलेल्या वस्तू होत्या. हा माणूस त्याच वर्षी, १८६३च्या सप्टेंबरात, टाकळघाटची प्राचीन दगडी वर्तुळं पाहून परतताना रात्री ओढ्याच्या पुरात बुडाला. ती वर्तुळं म्हणजे हजारो वर्षांपूर्वीची दफनं. थडगी पाहायला गेलेला माणूस परतीच्या वाटेवर अंधारात मरतो, याहून अंगावर येणारी गोष्ट पाहिजे कोणाला? आणि ती खरी आहे, तारखेसकट.

म्हणून माझं मागणं भुताला हाकला असं नाही. त्याला नोंदणी क्रमांक द्या. मडमेची गोष्ट सांगा, पण तिच्या खाली लिहा की ही गोष्ट पहिल्यांदा कोणाकडून आणि केव्हा ऐकली, आणि अशी बाई इथे राहिल्याची नोंद मिळाली की नाही. साहेबाच्या फोटोखाली साहेबाचं नाव आणि हुद्दा लिहा. मागची आउटहाउस उघडा. तिथे आता झाडू आणि मोडक्या खुर्च्या आहेत. जुन्या फायलींत नोकरांच्या पगाराची पत्रकं असतील तर ती शोधायला इतिहासाच्या चार विद्यार्थ्यांना बसवा. पंखेवाल्याचं नाव मिळेल, न मिळेल. पगाराचा आकडा जरी मिळाला तरी तो काचेत लावण्याच्या लायकीचा आहे. टॉर्चवाल्या तरुणाला काढू नका, त्याचा आवाज चांगला आहे. त्याला हातात लिहिलेलं काहीतरी द्या. आणि त्या भोकाखाली एक पक्की पायरी बांधा, म्हणजे ज्याला खाच बघायची त्याला चौकीदाराचा स्टूल मागावा लागणार नाही.

त्या रात्री भाचा स्टुलावर चढला होता. आधी त्यानं मोबाइलचा उजेड पाडून फोटो काढला, मग मोबाइल खिशात टाकून बोट खाचेत घातलं आणि पुढे-मागे केलं. पुढच्या खोलीत कोणीतरी किंचाळलं आणि मग सगळे हसले. मडम दिसली असावी.

"काका, किती वेळ ओढायचे हो?" त्यानं खाली बघून विचारलं.

चौकीदार स्टूल धरून उभा होता. "साहेब उठेस्तोवर," तो म्हणाला.